डोंगरधारेवरचा दुसरा रस्ता

सिडनीहून पश्चिमेला निघालं की ब्लू माउंटन्स आडवे येतात, आणि ते ओलांडायला मोठे गाडीरस्ते दोनच आहेत. पहिला ग्रेट वेस्टर्न हायवे. त्याच्या सोबतीने रेल्वे जाते, दुतर्फा गावं वसलेली आहेत, आणि कटूम्बाला ‘थ्री सिस्टर्स’ नावाचे तीन सुळके बघायला बसगाड्यांची रीघ लागते. दुसरा रस्ता उत्तरेच्या अंगाने जातो, रिचमंडपासून लिथगोपर्यंत, साधारण ८० किलोमीटर. त्याचं नाव बेल्स लाइन ऑफ रोड. बहुतेक ठिकाणी जायला एक आणि यायला एक अशा दोनच लेन, मधल्या टप्प्यात एकही मोठं गाव नाही, आणि थंडीत पहाटे निघालं तर समोरच्या गाडीचे दिवेही दिसू नयेत असं धुकं. गेली दोनशे वर्षं हा रस्ता कायम दुसऱ्या नंबरवर राहिला. तो देखणा राहिला, त्याचं मोठं कारणही हेच.

सह्याद्रीच्या घाटांची सवय असलेल्या माणसाला डोंगर ओलांडणं म्हणजे खिंड गाठणं वाटतं. नदी-ओढ्याच्या आधाराने वर चढायचं आणि खिंडीतून पलीकडे जायचं. ब्लू माउंटन्समध्ये हीच युक्ती माणसाला गोत्यात आणते. मुळात हे वालुकाश्माचं उंच पठार आहे आणि नद्यांनी ते कोरून त्यात शेकडो मीटर खोल दऱ्या पाडल्या आहेत. नदीच्या पात्रातून आत शिरलेला माणूस शेवटी उभ्या कड्याच्या पायथ्याशी जाऊन थडकतो. वाट असते ती वर, दोन दऱ्यांच्या मधून वळत जाणाऱ्या अरुंद धारेवर. पण कुठली धार मध्येच तुटते आणि कुठली पुढच्या धारेला जुळते, हे खालून कळत नाही. उंची म्हणाल तर हजार-अकराशे मीटर. तरीही १७८८ मध्ये सिडनीला उतरलेल्या ब्रिटिशांना १८१३ पर्यंत, तब्बल २५ वर्षं, पलीकडे जाता आलं नाही.

आजच्या बेल्स लाइनच्या आसपास धडका देणारा पहिला नावाजलेला माणूस म्हणजे जॉर्ज केली. हा सर जोसेफ बँक्स यांच्यासाठी वनस्पतींचे नमुने गोळा करायचा. स्वभावाने हट्टी. नोव्हेंबर १८०४ मध्ये तो काही कैद्यांना बरोबर घेऊन करजाँगच्या बाजूने निघाला. एकामागून एक घळी उतरत आणि चढत त्यांचा दम निघाला. वाटेतल्या एका भागाचं नाव केलीने ‘डेव्हिल्स विल्डरनेस’, म्हणजे सैतानाचं रान, असं ठेवलं, यावरून त्याच्या मनःस्थितीची कल्पना येते. माणसापेक्षा उंच नेच्यांनी भरलेला एक डोंगर लागला, त्याला त्याने ‘फर्न ट्री हिल’ म्हटलं. आजचा माउंट टोमा तो हाच. आणखी पुढे एका माथ्याला त्याने आपल्या आश्रयदात्याचं, बँक्सचं, नाव दिलं. तिथून खाली ग्रोस नदीची दरी पसरलेली दिसली. शिधा संपत आला होता. केली परतला.

१८१३ मध्ये ब्लॅक्सलँड, लॉसन आणि वेंटवर्थ हे तिघे दक्षिणेकडची धार धरून पश्चिमेच्या कुरणांच्या उंबरठ्यावर पोचले. पाठोपाठ विल्यम कॉक्सने जेमतेम ३० कैद्यांकडून सहा महिन्यांत १०१ मैलांचा गाडीरस्ता काढून घेतला. तो झाला पहिला रस्ता. आजचा ग्रेट वेस्टर्न हायवे ढोबळमानाने त्याच्याच मागावर जातो.

दहा वर्षांनी आर्चिबाल्ड बेल नावाचा १९ वर्षांचा मुलगा या गोष्टीत येतो. त्याच्या वडिलांची बेलमाँट नावाची जमीन हॉक्सबरी नदीच्या काठी, डोंगराच्या पायथ्याशी होती. तिथे डॅरग या मूळ रहिवाशांची ये-जा असे. एक हकीकत अशी सांगितली जाते, की बेलमाँटच्या बाजूच्या एका डॅरग स्त्रीला दुसऱ्या टोळीने पळवून डोंगरापलीकडे नेलं. ती निसटली आणि मागावर असलेल्यांना चुकवण्यासाठी करजाँगच्या बाजूच्या वाटेने घरी परतली. त्या वाटेची बातमी बेलच्या कानावर पडली. हकीकतीत तिखटमीठ किती हे आज ठरवणं अवघड. एवढं पक्कं, की ऑगस्ट १८२३ मध्ये बेल निघाला तेव्हा त्याचे वाटाडे डॅरग होते. पहिल्या खेपेला टोमावरून उतरायला जागा सापडेना म्हणून सगळे मागे फिरले. सप्टेंबरमध्ये पुन्हा गेले, तेव्हा उतार सापडला आणि ते थेट पलीकडच्या कॉक्स नदीवर पोचले. ‘सिडनी गॅझेट’ने नव्या मार्गाची बातमी छापली. हजारो वर्षं पायाखालची असलेली वाट अशा रीतीने ‘शोधली’ गेली आणि तिला नाव मिळालं ते बेलचं.

सरकारने लगेच रॉबर्ट हॉडल या मोजणीदाराला बेलबरोबर पाठवून आखणी करून घेतली. हा हॉडल पुढे १८३७ मध्ये मेलबर्नचे काटकोनात छेदणारे रस्ते आखून गेला; त्या शहराचा मध्यभाग आजही ‘हॉडल ग्रिड’ म्हणूनच ओळखला जातो. मेलबर्नच्या सपाटीवर त्याला पट्टी ठेवून रेघा मारता आल्या. इथे मात्र डोंगर नेईल तसं वळावं लागलं. बेल पुढे हंटर खोऱ्यात स्थायिक झाला आणि विधिमंडळातही निवडून आला.

नवा रस्ता झाला खरा, पण बैलगाड्यांना तो झेपेना. चढ उभे, माती निसरडी. त्यामुळे त्यावरून मुख्यतः गुरंमेंढरं हाकली जायची. माल आणि माणसं कॉक्सच्या रस्त्यानेच जात राहिली. डोंगरापलीकडच्या विराजुरी लोकांच्या दृष्टीने मात्र हा हिशेब निराळा होता. त्यांच्या मुलखात उतरायला आधी एक दार होतं, आता दोन झाली. वसाहतवाल्यांचे कळप बॅथर्स्टच्या कुरणांवर वाढत गेले, पाणवठे आणि शिकारीच्या जागा बळकावल्या गेल्या, आणि विंड्राडाइन या विराजुरी नेत्याच्या लोकांनी हत्यार उचललं. १४ ऑगस्ट १८२४ रोजी गव्हर्नर ब्रिस्बेनने बॅथर्स्ट भागात लष्करी कायदा पुकारला. बेलच्या सफरीला तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. रस्त्याकडेच्या इतिहासाच्या फलकांवर बेलच्या सफरीला जेवढी जागा मिळते, तेवढी या लष्करी कायद्याला क्वचितच मिळते.

आज या रस्त्याला लागायचं म्हणजे आधी रिचमंड. १८१० मध्ये गव्हर्नर मॅक्वारीने वसवलेल्या पाच गावांपैकी हे एक. गाव ओलांडलं की हॉक्सबरी नदीवरचा काँक्रीटचा पूल लागतो. हा १९०५ चा. नदीला मोठा पूर आला की तो पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या वस्त्यांचा सिडनीकडचा सरळ रस्ता तुटतो. मार्च २०२१ मध्ये हे झालं, २०२२ मध्ये पुन्हा झालं. या पुलावरून एके काळी छोटी आगगाडीही जायची. १९२६ मध्ये रिचमंड ते करजाँग असा लोहमार्ग सुरू झाला. त्यावरच्या गाडीला लोक लाडाने ‘पॅन्सी’ म्हणत. दूध आणि संत्री-मोसंबी खाली न्यायची, शाळेची मुलं ने-आण करायची, एवढाच तिचा व्याप. १९५२ च्या अतिवृष्टीत दरड कोसळून मार्गाचं नुकसान झालं आणि तो कायमचा बंद झाला.

करजाँगनंतर बेलबर्ड हिलचा चढ येतो. वळणं आवळ, चढ दणकट. अवजड ट्रक इथे गुरगुरत, रांगत वर येतात आणि त्यांच्या मागे रविवारच्या मोटरसायकलवाल्यांचा जीव वरखाली होतो. वर थांबायला जागा आहे. तिथून हॉक्सबरीचं सपाट खोरं आणि हवा स्वच्छ असली तर दूरवर सिडनीच्या उंच इमारती दिसतात. चढाला ज्याचं नाव आहे तो बेलबर्ड पक्षी हिरवट रंगाचा, लहानसा असतो, आणि त्याचा आवाज म्हणजे बारीक घंटेचा एकच टोल. एका झाडीत असे शेकडो पक्षी असले की टोलांना खंड पडत नाही. ऐकायला गोड, पण वनखात्याच्या लोकांना या पक्ष्यांची डोकेदुखी आहे. निलगिरीच्या पानांतला रस शोषणारे किडे आपल्या अंगावर साखरेसारखं कवच तयार करतात. बेलबर्ड ते खातात आणि या खाद्यावर हक्क सांगत बाकीच्या पक्ष्यांना हाकलून लावतात. किडे खाणारे दुसरे पक्षीच उरले नाहीत की किडे फोफावतात आणि झाडं वाळत जातात.

पुढचं गाव बिलपिन. इथल्या पाट्यांवर एकच फळ दिसतं, सफरचंद. उंची सुमारे ६०० मीटर असल्याने झाडांना हवी तेवढी थंडी मिळते, आणि विसाव्या शतकात इथे बागांची गर्दी झाली. आता बागा कमी झाल्या आहेत, पण रस्त्याकडेचे फळांचे स्टॉल, ताजा रस, सायडर आणि सफरचंदाचे पाई यांच्यासाठी सिडनीकर मुद्दाम इथवर येतात. काही बागांमध्ये आत जाऊन आपल्या हाताने फळं तोडायला देतात. हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल-मे, म्हणजे तिकडचा उन्हाळा उतरणीला लागल्यावर. आंबटगोड, हिरवंगार ‘ग्रॅनी स्मिथ’ सफरचंद जगभर गेलं, ते मूळचं सिडनीचंच. मारिया अ‍ॅन स्मिथ या आजीबाईंच्या ईस्टवूडच्या बागेत १८६८ च्या सुमारास ते रोप आपोआप उगवलेलं सापडलं. बिलपिनच्या स्टॉलवर ते इतर जातींच्या शेजारी फारसा तोरा न मिरवता पडलेलं असतं.

बिलपिन सोडल्यावर झाडी बदलते आणि माउंट टोमाला तर एकदम रूपच पालटतं. आतापर्यंत दोन्ही बाजूंना करड्या-हिरव्या निलगिरी होत्या, पाचोळा कोरडा होता. आता गर्द सावली, ओल, शेवाळ, कोचवुड आणि ससाफ्रासचे वृक्ष आणि केलीने पाहिले होते तसे वृक्षनेचे. हा बदल जमिनीमुळे होतो. साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला होता. बराचसा झिजून गेला, पण टोमा, माउंट विल्सन, माउंट बँक्स अशा काही माथ्यांवर त्याच्या टोप्या उरल्या. दगड तोच, ज्याने महाराष्ट्राचं पठार बनलं: बेसाल्ट. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे कितीतरी जुना, पण गुण सारखा. वालुकाश्मावरची माती निःसत्त्व, रेताड. बेसाल्टवरची लाल, कसदार, पाणी धरून ठेवणारी. त्यामुळे गाडीत बसल्याबसल्या, खाली न उतरता, नुसत्या झाडांवरून खालचा खडक ओळखता येतो. भूगोलाच्या शिक्षकांनी या रस्त्यावर वर्ग भरवायला हरकत नाही.

या मातीचा अंदाज आल्फ्रेड आणि एफी ब्रुने या जोडप्याला आला. १९३० च्या दशकात त्यांनी टोमावर फुलशेती सुरू केली. फुलं सिडनीच्या दुकानांत जायची. १९७२ मध्ये त्यांनी ही जागा सिडनीच्या रॉयल बोटॅनिक गार्डन्सला देऊन टाकली. तिथे थंड हवेतल्या वनस्पतींचं उद्यान उभं राहिलं आणि १९८७ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटरवरच्या या २८ हेक्टर बागेत दक्षिण गोलार्धातल्या झाडांचा मोठा संग्रह आहे. दक्षिण अमेरिका, न्यूझीलंड, टास्मानिया, आफ्रिका हे भूभाग कोट्यवधी वर्षांपूर्वी भारतासह गोंडवन या एकाच महाखंडात होते. त्या जुन्या नात्याच्या खुणा इथे शेजारी शेजारी लावलेल्या दिसतात.

बागेतलं सगळ्यात गाजलेलं झाड वॉलेमाय पाइन. सप्टेंबर १९९४ मध्ये डेव्हिड नोबल हा राष्ट्रीय उद्यानातला कर्मचारी सुट्टीच्या दिवशी दोराने एका अरुंद घळीत उतरला. तिथे त्याला अनोळखी, उंच, बुडबुड्यांसारख्या सालीची झाडं दिसली. त्याने एक फांदी बरोबर आणली. तज्ज्ञांनी पाहिलं तर त्या झाडाचे जवळचे नातलग फक्त जीवाश्मांतून माहीत होते. रानात या जातीची पूर्ण वाढलेली शंभरसुद्धा झाडं नाहीत. जागा आजही गुप्त आहे, कारण पायांना चिकटून येणारी बुरशीसुद्धा त्यांचा घात करू शकते. ज्याला ते झाड बघायचं आहे त्याने बेल्स लाइनवर गाडी थांबवून टोमाच्या बागेत जावं, हे उत्तम.

टोमानंतर डावीकडे दरी उघडते. पियर्सेस पास या ठिकाणाहून एक पायवाट ग्रोस नदीत उतरते आणि तिथून ब्लू गम फॉरेस्टला जाता येतं. १९३१ च्या ईस्टरमध्ये सिडनीचे काही भटके या रानात मुक्कामाला होते. बिलपिनच्या क्लॅरी हंगरफर्डने ती जमीन सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतली होती आणि झाडं तोडून अक्रोड लावायचा त्याचा बेत होता. भटक्यांनी मोर्चे काढले नाहीत, कोर्टात गेले नाहीत. त्यांनी सरळ भाव विचारला. घासाघीस होऊन सौदा १३० पौंडांवर ठरला. जागतिक मंदीचे दिवस होते, बऱ्याच जणांच्या नोकऱ्या धोक्यात होत्या, तरी पैसे जमले आणि १९३२ मध्ये रान वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या निसर्गरक्षणाच्या चळवळीचा इतिहास सांगणारे बरेच जण सुरुवात या सौद्यापासून करतात. अक्रोडाची बाग झाली असती तर आज तिथे कुणी पायपीट करत गेलं असतं का, शंकाच आहे.

उजवीकडे फाटा फुटतो तो माउंट विल्सनला. १८७० च्या दशकात सिडनीच्या श्रीमंतांनी उन्हाळ्यात राहायला इथे बंगले बांधले आणि बेसाल्टच्या मातीत विलायती झाडं लावली. त्यामुळे एप्रिलमध्ये या चिमुकल्या गावात मेपल आणि बीचची लाल-पिवळी पानगळ बघायला रांगा लागतात. पहिल्या रहिवाशांपैकी रिचर्ड विन याने तर घराशेजारी हमामखाना बांधला होता. त्यात आता गावाचं संग्रहालय आहे. १९७३ चं साहित्याचं नोबेल मिळवणारे पॅट्रिक व्हाइट लहानपणी इथल्या आपल्या घरच्या बंगल्यात राहत.

या सगळ्या टापूवर २०१९ च्या अखेरीस आग चालून आली. २६ ऑक्टोबरला गॉस्पर्स माउंटनजवळ वीज पडली आणि वणवा पेटला. तो पसरत पसरत पाच लाख हेक्टरांच्या वर गेला. डिसेंबरच्या मध्यावर, वणव्याला पुढे खायला काही उरू नये म्हणून माउंट विल्सनजवळ मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर गेली, बेल्स लाइन ओलांडून ग्रोसच्या दरीत शिरली. माउंट विल्सन, टोमा, बेरांबिंग, बिलपिन या भागांत घरं जळाली, बागा होरपळल्या. जागतिक वारसा म्हणून २००० मध्ये जाहीर झालेल्या या प्रदेशाचा सुमारे ८० टक्के भाग त्या हंगामात भाजला गेला. वॉलेमाय पाइनच्या गुप्त घळीवर मात्र विमानांनी आगरोधक टाकला, दोराने उतरलेल्या जवानांनी पाण्याची व्यवस्था केली आणि ती झाडं वाचवली. आज रस्त्याने जाताना काळ्या खोडांना थेट बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फुटलेली पालवी दिसते; निलगिरीच्या सालीखाली असे सुप्त अंकुर असतात आणि आगीनंतर ते जागे होतात. टोमाच्या ओल्या रानातल्या झाडांना मात्र अशी सवय नाही. तिथे भरून यायला फार वर्षं लागतील.

रस्त्याचं नशीब एकदाच पालटलं, ते दुसऱ्या महायुद्धामुळे. ग्रेट वेस्टर्न हायवे आणि त्याच्या शेजारचा लोहमार्ग शत्रूने तोडला तर सिडनी पश्चिमेपासून तुटेल, म्हणून पर्यायी मार्ग हवा असं ठरलं आणि गुरांच्या वाटेचा खरा मोटररस्ता झाला. नंतर पश्चिमेच्या जिल्ह्यांनी इथे एक्सप्रेसवे करावा अशी मागणी वेळोवेळी केली. त्यांचं म्हणणं खोटं नाही: त्यांचा माल, त्यांचे रुग्ण, त्यांचा वेळ या वळणांमध्ये अडकतो. पण एका बाजूला वॉलेमाय राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला ब्लू माउंटन्स राष्ट्रीय उद्यान आणि मध्ये एवढीशी धार. रुंदी वाढवायची तर ती आणायची कुठून?

बेल या वस्तीपाशी एक फाटा दक्षिणेला माउंट व्हिक्टोरियाकडे जातो. सरळ जाणारा रस्ता क्लॅरेन्सवरून लिथगोत उतरतो, आणि इथे मराठी प्रवाशाने जरूर थांबावं. १८६० च्या दशकात रेल्वे डोंगर उतरवायचा प्रश्न आला, तेव्हा जॉन व्हिटन या इंजिनिअरने कड्यावर झिगझॅग मार्ग काढला. गाडी एका टोकापर्यंत उतरायची, थांबायची, उलटी फिरून पुढचा टप्पा उतरायची. तो १८६९ मध्ये सुरू झाला. खंडाळ्याजवळ बोरघाटात १८६३ पासून हीच युक्ती चालू होती. तिथल्या रिव्हर्सिंग स्टेशनवर इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं. लिथगोचा झिगझॅग १९१० मध्ये दहा बोगद्यांच्या नव्या मार्गाने निवृत्त केला, बोरघाटातला १९२९ मध्ये. खंडाळ्याला आता जुन्या अवशेषांखेरीज फार काही नाही. लिथगोवाल्यांनी १९७५ मध्ये आपल्या झिगझॅगवर हौशी मंडळींच्या बळावर पर्यटकांची गाडी सुरू केली. २०१२ मध्ये ती थांबली, २०१३ च्या वणव्यात डबे जळाले, २०१९ च्या वणव्याने पुन्हा झोडपलं, आणि एवढं होऊन मे २०२३ मध्ये ती परत धावू लागली.

त्यापुढे लिथगो. कोळशाच्या खाणी, जुन्या पोलाद कारखान्याच्या भट्टीचे अवशेष, १९१२ पासूनचा बंदुकांचा कारखाना: हे कष्टकऱ्यांचं गाव आहे, नटलेलं नाही. इथे चहा घेऊन बहुतेक लोक ग्रेट वेस्टर्न हायवेने सिडनीला परततात. एका दिवसात दोन्ही रस्ते पाहून होतात म्हणून हे सोयीचंही आहे. फक्त सफरचंदं घ्यायची असतील तर ती सकाळी बिलपिनलाच घेऊन ठेवावीत. परतीच्या वाटेवर बिलपिन लागत नाही.